हुसेन कुठे कॉलेजात गेले होते?

दहावीचा निकाल लागला की मला दोन-तीन फोन ठरलेले असतात. मुलगा चित्रं चांगली काढतो, इंटरमिजिएटला ए ग्रेड आहे, आता पुढे काय? विचारणाऱ्या बापाचं उत्तर बहुतेक आधीच ठरलेलं असतं. "हात अच्छा है उसका, लेकिन ड्रॉइंग से पेट भरता क्या भाई?" मग पोरगा आयटीआयला जातो, नाहीतर चाचाच्या दुकानात बसतो. ग्रेड परीक्षेला बसवलं होतं ते दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून. गुण मिळाले, काम संपलं.

घरात एखादा मामा मुलाच्या बाजूचाही असतो. त्याचा मुद्दा मोबाईलवर आलेला असतो : एम. एफ. हुसेन कुठे कॉलेजात गेले होते? त्यांचं एक चित्र शंभर कोटींच्या वर गेलं! किंमत खरी आहे. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्यांचं १९५४ चं 'ग्राम यात्रा' सुमारे ११८ कोटी रुपयांना विकलं गेलं.

मला बाप आणि मामा दोघांचंही म्हणणं पटत नाही, आणि कारण एकच आहे. कला ही शिकायची गोष्ट आहे, हे दोघंही धरून चालत नाहीत. बापाला तो छंद वाटतो, मामाला अल्लाहची देणगी. शाळेनंतर थेट कलेत गेलेली आणि नाव कमावलेली माणसं शिकली कुठे, हे कुणी विचारत नाही.

हुसेन यांचंच घ्या. जन्म पंढरपूरचा, १९१५ चा. बडोद्याच्या मदरशात ते खुशखत शिकले, म्हणजे अक्षराचं वळण, रेषेची जाडी, कलमाचा कोन. पुढे इंदूरला देवळालीकरांच्या चित्रशाळेत हात बसला. मुंबईत आल्यावर सिनेमाची होर्डिंग रंगवली. परातीवर चढून नटीचा दहा फुटी चेहरा रंगवताना खालून तो कसा दिसेल याचा अंदाज बांधावा लागतो. चुकलं तर मालक त्याच दिवशी सांगतो. पदवी त्यांच्याकडे नव्हती, पण उमेदवारी वर्षानुवर्षांची होती.

सय्यद हैदर रझा यांची गोष्ट मला जास्त जवळची वाटते. आपल्या घरांमध्ये जे घडतं त्याच्याशी ती जुळते. मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावी १९२२ मध्ये जन्म, वडील वनखात्यात. प्राथमिक शाळेत पोराचं लक्ष लागेना, म्हणून गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याकडे बघत बसायला सांगितलं. तोच ठिपका पुढे त्यांच्या चित्रांतला 'बिंदू' झाला, असं रझा स्वतः सांगत. पण या गोष्टीत अडकून पुढचं विसरायला नको. दमोहला हायस्कूल झाल्यावर हा मुलगा नागपूरच्या कलाशाळेत गेला. नंतर गोंदियाला शाळेत ड्रॉइंग मास्तर झाला. जे. जे. साठी सरकारी शिष्यवृत्ती मिळाली, पण मुंबईला पोचायला उशीर झाला आणि ती हुकली. परत जायचं की राहायचं? रझा राहिले. एका ब्लॉक बनवणाऱ्या स्टुडिओत डिझायनरची नोकरी धरली आणि नोकरी सांभाळून चित्रं काढली. पुढे जे. जे.त शिकले. १९४७ मध्ये सूझा, हुसेन, आरा यांच्यासोबत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा केला. १९५० मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले.

आता यातल्या पायऱ्या मोजा. गुरुजी, जिल्ह्याच्या गावचं हायस्कूल, नागपूरची कलाशाळा, गोंदियातला पगार, मुंबईतला स्टुडिओ, जे. जे. वनखात्यातल्या नोकरदाराच्या मुलाला चढता येतील एवढ्या उंचीच्या आहेत त्या सगळ्या. शंभर कोटींच्या फॉरवर्डमध्ये यातली एकही दिसत नाही.

बार्शीच्या अमर शेखांची पायरी वेगळी होती. मेहबूब हुसेन पटेल हे त्यांचं मूळ नाव. गिरणीतलं काम, मोर्चा, सभा आणि अण्णाभाऊ साठे व गवाणकरांसोबतचं लाल बावटा कलापथक, हे त्यांचं विद्यापीठ. हजारोंच्या सभेत आवाज शेवटच्या रांगेपर्यंत कसा न्यायचा, हे वर्गात शिकवताही आलं नसतं.

यातलं आज काय उरलंय? फ्लेक्स आला आणि हाताने बोर्ड रंगवणारे पेंटर उठले. आमच्या मोहल्ल्यात असे तीन होते, तिघंही मुसलमान. त्यांच्या दुकानात डबे धुता धुता पोरं अक्षरं शिकायची. गिरणी गेली, कलापथकं गेली. साधारण घरातल्या मुलाला फुकटात मिळणारी जागा म्हणजे शाळेतला ड्रॉइंगचा तास. आणि तिथे काय चालतं? मास्तर निवृत्त होतात, पद भरलं जात नाही, त्या तासाला गणिताचा जादा वर्ग होतो. पालक खूश!

खरं तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलंय. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरापेक्षा जास्त मुलं असतील, तर कलाशिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक हवा. आपण शाळेत फी, गणवेश, पोषण आहार यांवर भांडतो, आणि ते बरोबरच आहे. पण कलेचा निदेशक कुठे आहे, असं विचारताना मी कुणाला पाहिलेलं नाही.

काहींच्या मनात तसवीर जायज की नाजायज हा प्रश्न असतो. त्यावर फतवा देणारा मी कोण? पण ज्यांना जिवंत आकृती नको, त्यांच्यासाठीही खुशखत आहे, कापडावरची नक्षी आहे, टाइपडिझाइन आहे, वास्तुकला आहे. आणि हा आक्षेप घेणारे लग्नात ड्रोनवाला बोलावतात, तेव्हा मला थोडी गंमत वाटते. मुलींचं तर आणखी विचित्र. मोहल्ल्यातली सगळ्यात सफाईदार रेषा मेहंदी काढणाऱ्या मुलींच्या हातात असते. ईदच्या चांदरातीला त्यांच्या दाराशी रांग लागते. त्यांना डिझाइनच्या कोर्सची माहिती कुणी देत नाही, कारण ते "घरबसल्या" आहे.

मुंबईत डी. एन. रोडवर अंजुमन-ए-इस्लामची इमारत आहे आणि त्याच रस्त्यावर, पाच-सात मिनिटांच्या अंतरावर, जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. अंजुमन १८७४ ची, जे. जे. १८५७ ची. निकाल घेऊन आलेल्या बापाला मी एवढंच सांगतो : एकदा मुलाला घेऊन त्या रस्त्यावरून चाला. जे. जे.च्या आवारात शिरा, मुलं काय करतात ते बघा, प्रवेश परीक्षेची चौकशी करा, फी विचारा. बाकी निर्णय तुमचा.

आणि शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, म्हणजे आपणच. आमच्या भागातल्या एका शाळेच्या बैठकीत मी निदेशकाचा प्रश्न काढला. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मुख्याध्यापक म्हणाले, लेखी द्या. दिलंय. पुढची बैठक ऑगस्टमध्ये आहे.