गुंठ्याची वाडी, हेक्टरचं माप

'ट्रान्झिशन इकॉनॉमी' म्हटलं की पेपरातला पोलंड आठवतो. समाजवाद सोडताना पोलंडने 1989 पासून कुणालाही साध्या नोंदणीवर धंदा करायची मुभा दिली आणि लोकांनी चक्क फुटपाथवर टेबलं मांडून दुकानं थाटली. पण एवढ्या लांब कशाला? अलिबागजवळचं किहीम घ्या. काल नारळ-सुपारीची वाडी होती, आज त्याच वाडीत पाहुण्यांसाठी दोन खोल्या आणि बाहेर 'घरगुती जेवण मिळेल' असा बोर्ड. हे पण ट्रान्झिशनच की!

सरकार काहीच करत नाही, असं मी म्हणणार नाही. उद्यम नोंदणी 2020 पासून आहे, फुकट आणि घरबसल्या होते. मुद्रा कर्ज 2015 पासून आहे, त्याला तारण लागत नाही. ('तारण' हा शब्द आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना शाळेत कुणी शिकवला नाही, तो बँकेच्या फॉर्मवरच भेटला!) गडबड आहे ती मापात.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं, वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. बागांची भरपाई ठरली हेक्टरी 50 हजार. आता हेक्टर म्हणजे 100 गुंठे. या हिशेबाने पाच गुंठ्यांच्या वाडीला मिळणार अडीच हजार रुपये! कोकणात ओरड झाली, तेव्हा कुठे नारळ-सुपारीसाठी झाडामागे मदत ठरली. म्हणजे मनात आणलं तर माप बदलता येतं.

मग कर्जाच्या हप्त्याचं माप का बदलू नये? किहीमचं गिऱ्हाईक येतं शनिवार-रविवारी, तेही मुख्यतः दिवाळी ते मे. पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद, खोल्या रिकाम्या. बँकेचा हप्ता मात्र जुलैतही हजर! शेतकऱ्याचं पीककर्ज सुगीनंतर फेडायचं असतं, हे बँकेला बरोबर समजतं. मग खोल्या भाड्याने देणाऱ्या मावशींची सुगी मे महिन्यात असते, हे समजायला काय अडचण आहे? आपले मेसवाले काका सुद्धा सुट्टीत आचाऱ्यांना गावी पाठवतात, रिकाम्या होस्टेलसाठी पोळ्या लाटत बसत नाहीत.

जिल्हा उद्योग केंद्र अलिबागलाच आहे. तिथल्या साहेबांनी आणि बँकेच्या मॅनेजरांनी एकदा जुलैत किहीमला यावं, रिकाम्या खोल्या बघाव्यात आणि मग हप्ते ठरवावेत. आठ महिने हप्ता, चार महिने फक्त व्याज. एवढं गणित तर आमच्या फर्स्ट इयरचा पोरगाही मांडून देईल, एटीकेटीवाला सुद्धा!