ब्रुताले नांवाची फटफटी

गेल्या पावसाळ्यांत नववीच्या वर्गांतील एका डेस्काच्या झांकणाच्या आंतल्या बाजूस एका मोटारसायकलीचें रंगीत चित्र चिकटविलेलें आढळलें. आमचे एक वडील सहकारी तें फाडून टाकण्याच्या विचारांत होते. या वयांत मुलांच्या डोळ्यांपुढें असलीं चित्रें नकोत, असें त्यांचें म्हणणें. तें तूर्त राहूं द्यावें अशी आम्हीं त्यांस विनंती केली, आणि चित्राच्या मालकास जवळ बोलावून म्हटलें, “बाळ, हें काय आहे तें आम्हांस नीट समजावून सांग पाहूं.” किंमत त्यानें एका दमांत सांगितली, वेग सांगितला. पण मागच्या चाकास एकाच बाजूनें आधार कां, धुराच्या तिन्ही नळ्या एकाच अंगास कां, एंजिन उघडें कां, याचें उत्तर त्याला देतां येईना. उत्तर आम्हांसहि ठाऊक नव्हतें, हें कबूल केलें पाहिजे. सुटींत आम्हीं त्या यंत्राची माहिती मिळविली. चित्र फाडण्याजोगें नाहीं, मात्र आमचीं मुलें तें अर्धेंच पाहतात, असें आमचें मत झालें आहे. तेंच येथें मांडतों.

गाडीचें नांव ‘ब्रुताले ८००’. उत्तर इटलींत व्हारेझे सरोवराच्या कांठीं एम. व्ही. अगुस्ता या कंपनीचा कारखाना आहे, तेथली ही निपज. ‘ब्रुताले’ या इटालियन शब्दाचा अर्थ दांडगा, पाशवी. या नांवाची पहिली गाडी २००१ सालीं निघाली. ती चार सिलिंडरांची होती, आणि मास्सिमो तांबुरीनी या कल्पक कारागिरानें तिला रूप दिलें होतें. चित्रांतली तीन सिलिंडरांची, ७९८ सी. सी. ची मध्यम गाडी २०१३ सालची. तिचें रूप नांवाला साजेसेंच आहे. दिवा पुढें झुकलेला, टाकी वशिंडासारखी फुगलेली, मागचा भाग आंखूड आणि वर उचललेला. मारका बैल मान खालीं घालून उभा राहावा तशी ती उभी दिसते. मुलें भाळतात ती या आविर्भावावर.

पण या जातीच्या गाड्यांस ‘नेकेड’, म्हणजे उघड्या, म्हणतात तें कशामुळें, इकडे आम्ही लक्ष वेधूं इच्छितों. शर्यतीच्या गाडीवर वारा कापण्यासाठीं कवच असतें. कवचाखालीं ओबडधोबड सांधा असला तरी तो कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं. ब्रुतालेला असें कवच नाहीं. तिचा पोलादी नळ्यांचा जाळीदार सांगाडा, एंजिनाची कड, पाण्याच्या नळ्या, सारें येणाऱ्याजाणाऱ्यास दिसतें. म्हणून तेथें प्रत्येक सांधा दाखविण्याजोगा करावा लागतो. मागचें चाक डाव्या बाजूच्या एकाच भुजेवर बसविलेलें असल्यामुळें उजवीकडून तें संपूर्ण दिसतें, आणि त्याच बाजूस तीन आंखूड नळ्या, ऑर्गनच्या नळ्यांप्रमाणें, एकाखालीं एक ओळीनें लावलेल्या आहेत. कवच नसल्याचा आणखी एक परिणाम असा कीं, वारा स्वाराच्या छातीवर थेट आदळतो. वेग बेसुमार वाढला कीं पहिल्यानें स्वाराचेंच अंग थकतें. आम्हांस ही गोष्ट फार आवडली.

पोटांतील गोष्ट याहून नवलाची आहे. एंजिनांतील क्रँकशाफ्ट बहुतेक मोटारसायकलींत चाकें फिरतात त्याच दिशेनें फिरतो. वेगानें फिरणारी जड वस्तु आपल्या आंसाची दिशा बदलूं देण्यास कां-कूं करते, हें भोंवरा फिरविणाऱ्या प्रत्येक मुलास ठाऊक आहे. चाकें आणि क्रँकशाफ्ट अशा दोघांचा हट्ट एकत्र झाला म्हणजे धांवती गाडी वळणांत झुकविण्यास अधिक जोर लागतो. ब्रुतालेच्या एंजिनांत क्रँकशाफ्ट मुद्दाम उलट फिरविला आहे. त्यामुळें चाकांच्या हट्टांतून त्याचा हट्ट वजा होतो, आणि गाडी वळणांत सहज कलते. शिवाय मागचें चाक घसरूं लागलें तर शक्ति आंवरणारी आठ पायऱ्यांची योजना आहे, आणि पावसाळी रस्त्यासाठीं एंजिनाचा स्वभावच मवाळ करण्याची सोय आहे. नांव पाशवी, आणि आंतली सारी विद्या त्या पशूला वेसण घालण्याची!

२०१६ सालीं युरोपांत धूर व आवाज यांविषयींचे ‘युरो ४’ नांवाचे कडक नियम आले. कारखान्यानें एंजिन पुन्हां तपासलें. पहिल्या ब्रुताले ८०० चें बळ १२५ अश्वशक्ति होतें, तें ११६ वर आलें. पण ओढ कमी न होतां किंचित् वाढली, आणि पूर्वीं ती ८,६०० फेऱ्यांवर पुरी मिळे ती आतां ७,६०० वरच मिळूं लागली. कागदावरचा आंकडा घटला, आवाज आवरला, आणि रोजच्या रस्त्यावर गाडी अधिक कामाची झाली. आमच्या गांवच्या तरुणांचें याच्या अगदीं उलट चालतें. आठ अश्वशक्तींच्या फटफटीचा सायलेन्सर कापून, तींत भोंकें पाडून ते ती बंदुकीसारखी वाजवितात. बळ तेवढेंच राहतें. झोंप मात्र साऱ्या आळीची जाते. महाराष्ट्रांतील कित्येक शहरांत पोलिसांनीं असले जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवरून रोडरोलर फिरविला आहे. रोडरोलरची आम्हांस हळहळ वाटत नाहीं. वाटते ती इतकीच कीं, हीं मुलें ज्या गाडीची नक्कल करूं पाहतात तिच्याविषयीं त्यांस कांहींच ठाऊक नसतें.

या कारखान्याची जन्मकथाहि चित्राच्या मालकास ठाऊक नव्हती. अगुस्ता घराण्याचा मूळ धंदा विमानांचा. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलींत विमानें बांधण्यास बंदी झाली, तेव्हां कारागिरांच्या हातांस काम राहावें म्हणून काउंट दोमेनिको अगुस्ता यांनीं १९४५ सालीं ९८ सी. सी. च्या लहान मोटारसायकली काढल्या. गरीब झालेल्या देशास स्वस्त वाहन हवें होतें, आणि रिकाम्या हातांस धंदा हवा होता. पुढें याच कारखान्याच्या गाड्यांनीं ५०० सी. सी. च्या वर्गांतील स्वारांचें जगज्जेतेपद १९५८ पासून १९७४ पर्यंत सतरा वर्षें दुसऱ्याच्या हातीं जाऊं दिलें नाहीं. जाकोमो अगोस्तीनी या स्वाराच्या पंधरा जगज्जेतेपदांपैकीं तेरा याच गाड्यांवरचीं. हिशेबाच्या वहीनें मात्र या कारखान्यास फारसा हात दिला नाहीं. तो अनेकदां विकला गेला. २००८ सालीं हार्ले-डेव्हिडसन या अमेरिकन कंपनीनें तो घेतला आणि दोनच वर्षांत परत दिला. सुंदर वस्तु करणें आणि ती परवडेल अशी करणें या दोन निराळ्या विद्या असाव्यात.

परवडण्याचा विषय निघालाच आहे, तर पालकांशीं थोडें बोलूं. २०१७ सालीं पुण्याच्या कायनेटिक समूहानें ब्रुताले ८०० हिंदुस्थानांत विक्रीस आणली, तेव्हां तिची किंमत साडेपंधरा लाखांच्या वर होती. तेव्हां ही गाडी मागून कोणी मुलगा घरीं रुसून बसेल अशी भीति नाहीं. रुसवा होतो तो तिच्या सावलीसाठीं, म्हणजे हप्त्यावर मिळणाऱ्या दीडदोनशें सी. सी. च्या गाडीसाठीं, आणि दरवर्षीं जूनच्या सुमारास कोणी ना कोणी पालक ‘मुलगा ऐकत नाहीं’ असें सांगत आमच्याकडे येतात. गीअरची मोटारसायकल चालविण्याचा परवाना अठरा वर्षें पुरीं झाल्यावांचून मिळत नाहीं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयी मुलाच्या हातून गाडीचा गुन्हा घडल्यास त्याच्या पालकास वा गाडीच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊं शकतो, आणि त्या मुलास पंचवीस वर्षें वयापर्यंत परवाना मिळत नाहीं. पण कायद्याचा धाक घालण्यास आम्ही हें लिहीत नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं आमचा एक विद्यार्थी दहावीचा निकाल लागल्यावर पंधरा दिवसांच्या आंत काकांची गाडी घेऊन घाटांत गेला. वर्गांत त्याच्याइतकें वेगानें धांवणारा दुसरा कोणी नव्हता. इस्पितळांत आम्ही भेटावयास गेलों तेव्हां तो इतकेंच म्हणाला, “सर, मी वळवीत होतों, पण गाडी वळेचना.” तो वांचला, त्याच्या उजव्या पायांत लोखंडी पट्टी आहे. काकांनीं किल्ली खिळ्याला टांगून ठेवली होती. नंतर त्यांनीं तो खिळाच उपटला, असें ऐकतों.

आम्हांस त्या वेळीं त्याच्या बोलण्याचा अर्थ कळला नव्हता. यंदा विज्ञानाच्या खोलींत सायकलीचें एक चाक आंसानें दोन्ही हातांत धरवून आम्हीं चित्राच्या मालकाकडून तें जोरानें फिरवून घेतलें, आणि आंस तिरपा करण्यास सांगितलें. त्याचे कोंपर थरथरले. “सर, हें ऐकत नाहीं!” म्हणून तो ओरडला. मग त्याच आंसावर दुसरें चाक बसवून तें उलट फिरविलें. या वेळीं आंस लगेच कलला. तो घटकाभर चाकांकडे पाहत राहिला, आणि मग त्यानें पुन्हां पहिल्यापासून करून पाहण्याची परवानगी मागितली. चित्र अजून डेस्काच्या झांकणाखालीं आहे. त्याच्या कडेस त्यानें आतां पेन्सिलीनें बाण काढले आहेत, आणि त्यांपैकीं एका बाणाचें तोंड मागच्या बाजूस आहे.