चिनी मेज आणि आपला चौरंग

गेल्या चैत्रांत शिरूरच्या आमच्या घरीं भर दुपारीं एकदम कडाड असा आवाज झाला. पाहतों तों देवघरांतला जुना शिसवी चौरंग मधोमध उललेला! तीन पिढ्यांचे सत्यनारायण ज्यावर झाले, तोच भंगलेला पाहून सासूबाई गप्पच बसल्या. दौंडाहून आलेल्या धाकट्या जाऊबाई हळूच म्हणाल्या, “घरांत वाटण्यांचें बोलणें निघालें, कीं वस्तूंनाहि कळतें.”

माझें लक्ष मात्र फळीखालच्या पट्ट्यांकडे गेलें. फळी किंचित् वाकली म्हणून आदल्या पावसाळ्यांत एका सुतारानें त्या आडव्या पट्ट्या खिळ्यांनीं घट्ट ठोकल्या होत्या. लाकूड लांबींत फारसें हलत नाहीं. पण रुंदींत तें पावसाळ्यांत फुगतें आणि उन्हाळ्यांत आटतें. घोड व भीमेच्या कांठचा आपला उन्हाळा तर फारच कोरडा. फुगलेली फळी खिळ्यांनीं जखडली. पुढें आटावयास वाव न मिळाल्यानें ती फाटली.

हें वर्म चिनी सुतारांनीं फार पूर्वीं ओळखलें होतें. मिंग राजवटींतील (१३६८ ते १६४४) कठीण लाकडाच्या त्यांच्या मेजांची रचना पाहण्यासारखी आहे. चार पट्ट्यांची चौकट तिरप्या कोपऱ्यांनीं जुळवून आंतल्या कुसवांनीं पक्की केलेली. मधली फळी मात्र चौकटीच्या खांचेंत नुसती सरकविलेली. तिला खिळा नाहीं. खालची आडवी पट्टीहि खांचेंतच सरकते. चौकट घट्ट, फळी मोकळी!

उत्तर चीनमध्यें खालून ऊब दिलेल्या विटांच्या ओट्यावर मांडी घालून बसत आणि पुढें ठेंगणें मेज घेत. तें आपल्या चौरंगाचें भावंडच. त्याचे पाय पुष्कळदां तळाशीं घोड्याच्या खुरासारखे आंत वळलेले असतात. लाकडाचें नातें तर याहून जवळचें. त्यांचें आवडतें ‘हुआंगहुआली’ आपल्या शिसवाचें सगोत्र, आणि ‘झीतान’ म्हणजे आंध्राकडील रक्तचंदन.

आम्हीं खिळे काढविले, चीर सरसानें सांधविली आणि पट्ट्यांना लांबट भोंकें पाडून स्क्रू किंचित् सैल बसविले. त्यानंतर एक पावसाळा व एक हिंवाळा गेला. चीर पुन्हां उघडली नाहीं.

तेव्हां भगिनींनो, जुन्या चौरंगास खिळा ठोकण्यापूर्वीं सुतारास एवढेंच विचारा : फळी आटली तर जाईल कोठें?

वाटण्यांचें बोलणें अजून मिटलेलें नाहीं. पण एका गोष्टीवर आम्हां दोघी जावांचें एकमत आहे : चौरंग सासूबाईंच्या देवघरांतच राहील.