विश्लेषण : ‘ब्लडी मेरी’ची खरी ताकद व्होडकात की मसाल्यात?

बहुतेक कॉकटेल गोड किंवा आंबट-गोड असतात. ‘ब्लडी मेरी’ मात्र मीठ, मिरी, तिखट सॉस आणि टोमॅटोच्या रसावर उभी आहे. सुमारे १०० वर्षे हे पेय टिकले ते त्यातील व्होडकामुळे नव्हे, तर मसाल्यामुळे. तरीही त्याची ख्याती आहे ती आदल्या रात्रीच्या नशेवरचा ‘उतारा’ म्हणून. ही ख्याती फसवी आहे.

जनक नेमका कोण?

सर्वाधिक घेतले जाणारे नाव फर्नांद पेतियो या फ्रेंच बारटेंडरचे. १९२०च्या दशकात तो पॅरिसमधील ‘हॅरीज न्यूयॉर्क बार’मध्ये काम करत होता. अमेरिकेतील दारूबंदी डिसेंबर १९३३मध्ये उठली आणि पुढच्या वर्षी तो न्यूयॉर्कच्या ‘सेंट रेजिस’ हॉटेलमधील ‘किंग कोल बार’मध्ये रुजू झाला. तेथे शिवराळ वाटणारे मूळ नाव टाळून पेयाला ‘रेड स्नॅपर’ म्हटले गेले. दुसरे दावेदार अमेरिकी विनोदवीर जॉर्ज जेसल. १९६४मध्ये ‘द न्यूयॉर्कर’शी बोलताना पेतियोने जेसल यांचा दावा अर्धा मान्य केला. जेसल यांच्या पेयात व्होडका आणि टोमॅटोचा रस याखेरीज फारसे काही नव्हते. मीठ, मिरी, लाल तिखट, लिंबू आणि वूस्टरशर सॉस आपण घातला, असे त्याचे म्हणणे. म्हणजे श्रेयाचा वादही अखेर मसाल्यापाशीच येऊन थांबतो.

ते बनते कसे?

आज प्रमाण मानल्या जाणाऱ्या कृतीत ४५ मिलिलिटर व्होडका, ९० मिलिलिटर टोमॅटोचा रस आणि १५ मिलिलिटर लिंबाचा रस असतो. त्यात वूस्टरशर सॉसचे काही थेंब, टबॅस्कोसारखा तिखट सॉस, सेलरीचे मीठ आणि मिरपूड चवीनुसार. हे सारे बर्फासोबत हलक्या हाताने ढवळायचे. जोराने घुसळले तर रसाला फेस येतो आणि त्याचा दाटपणा जातो. पेतियो व्होडका आणि टोमॅटोचा रस समसमान घेत असे. आज रस दुप्पट आहे. मद्याचा वाटा घटला, तरी पेयाचे नाव आणि लोकप्रियता कायम राहिली.

चवीमागचे गणित काय?

टोमॅटोत ग्लुटामेट भरपूर असते. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८मध्ये ज्या चवीला ‘उमामी’ म्हटले, ती याच घटकाची. वूस्टरशर सॉसमधील आंबवलेले अँचोव्ही मासे ती आणखी गडद करतात. शाकाहारींनी म्हणूनच या सॉसच्या बाटलीवरील घटकांची यादी वाचायला हवी. त्याच सॉसमध्ये चिंचही असते. आंबट, खारट आणि तिखट यांचा हा तोल आमटी किंवा सार करणाऱ्या कोणालाही सहज उमगेल. विमानात टोमॅटोचा रस अधिक रुचतो, यामागेही कारण आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या २०१५मधील अभ्यासानुसार, विमानातल्यासारख्या मोठ्या आवाजात गोड चव मंदावते आणि उमामी ठळक होते.

खरेच ‘उतारा’ आहे का?

नाही. यकृत मद्याचे विघटन ठरावीक गतीनेच करते. सकाळी पुन्हा मद्य घेतल्याने त्रास मिटत नाही, फक्त पुढे ढकलला जातो, आणि नशेवर नशा हाच उपाय मानण्याची सवय व्यसनाकडे नेऊ शकते. थोडी हुशारी वाटलीच तर त्यात पाणी, मीठ आणि रसाचाही हात असतो. त्यासाठी व्होडकाची गरज नाही.

मग वाचते काय?

व्होडका वगळलेल्या याच पेयाला ‘व्हर्जिन मेरी’ म्हणतात. अनेक कॉकटेलमधून मद्य काढले, तर मागे नुसते सरबत उरते. येथे मात्र मीठ, आंबट आणि तिखट यांचा तोल शाबूत राहतो. पेतियोने स्वतःचे म्हणून जे सांगितले, ते सारे या मद्यविरहित पेल्यातही असते. ‘मेरी’ची ओळख सकाळच्या औषधाऐवजी चवीचे पेय म्हणून व्हायला हवी.