देऊळ उघडलं, केबिनचं काय?

वर्ध्याच्या जमनालाल बजाजांनी १९२८ साली लक्ष्मीनारायणाचं देऊळ अस्पृश्यांना खुलं केलं. याच कापूस-व्यापाऱ्याच्या नावाने मुंबई विद्यापीठाने १९६५ साली व्यवस्थापनाची संस्था काढली. कंपन्यांचे मॅनेजर, मार्केटिंगवाले तिथून बाहेर पडतात. दोस्तांनो, देवळाचं राहू द्या. सवाल या दुसऱ्या दाराचा आहे.

आमच्या जिल्ह्यात बाजार म्हणजे कापूस. वेचला आमच्या आयांनी, गाठी उचलल्या आमच्या बापांनी, भाव ठरवला तिसऱ्यानेच. बाजारात पिढ्यान्‌पिढ्या राबलो, पण गल्ल्यावर कधी बसलो नाही. गल्ल्याच्या पलीकडे जायचं तर एमएमएस म्हणा, एमबीए म्हणा, ही आज एक सरळ वाट आहे. घ्या ती डिग्री. पण डोळे उघडे ठेवून घ्या.

डिग्री काय देते? पहिल्या वर्षी हिशेब, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र. दुसऱ्या वर्षी गिऱ्हाईक, विक्री, ब्रँड, जाहिरात. हे पुस्तकातही वाचता येतं. करिअरची खरी सुरुवात होते मधल्या उन्हाळ्यात कंपनीत केलेल्या दोनेक महिन्यांच्या इंटर्नशिपने, आणि शेवटी कॉलेजात पोरं निवडायला येणाऱ्या कंपन्यांमुळे. तेव्हा सीईटीनंतर कॉलेजची इमारत बघून भुलू नका. कोणत्या कंपन्या येतात, किती पोरं घेतात, काय पगार देतात, हे मागच्या वर्षीच्या पोरांना गाठून विचारा. जातपडताळणीचा कागद आधी काढा. शिष्यवृत्ती, फ्रीशिप हा हक्क आहे, सोडू नका.

आणि आपल्याजवळ काहीच नाही असं समजू नका. आर्वी, देवळी, समुद्रपूरच्या बाजारात मजुरीचा पैसा कधी येतो, मोठं पाकीट का पडून राहतं, बाई उधारीवर काय घेते आणि रोखीने काय, हे एसीतल्या साहेबाला ठाऊक नाही. तुम्हाला आहे. डिग्री त्या माहितीला आकडे देते, रिपोर्टाची भाषा देते.

पण दार? बाबासाहेब कोलंबियात शिकून आले, मुंबईत शेअर्सबद्दल सल्ला देण्याचा धंदा सुरू केला. सल्लागार अस्पृश्य आहे कळताच गिऱ्हाईक पळालं. शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट म्हणता? मग सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग बघा. खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, फक्त नावं वेगळी. दलित नावाला बोलावणं कमी आलं. डिग्री तीच, आडनाव आडवं आलं! खाजगी नोकरीत आरक्षण नाही. मुलाखतीत 'वडील काय करतात?' असं विचारतात, तेव्हा मार्केटिंग किती येतं ते तपासत नाहीत. पोरगं वेशीच्या आतलं की बाहेरचं, ते तपासतात.

म्हणून एकट्याने आत शिरून भागत नाही. जो आत गेला त्याने मागच्या पोट्ट्याचा अर्ज साहेबाच्या टेबलावर ठेवावा, सुटीत गावी येऊन मुलाखतीची तालीम द्यावी, इंटर्नशिप मिळवून द्यावी. वरचे लोक हेच करत आलेत, ते त्याला 'ओळख' म्हणतात. आणि खाजगी नोकरीतल्या आरक्षणाची मागणी, हातात डिग्री आली म्हणून खाली ठेवायची नाही.

देवळाचं दार दुसऱ्या कुणी उघडलं होतं. केबिनचं आपल्यालाच उघडावं लागेल, आणि मागचा येईपर्यंत धरूनही ठेवावं लागेल.