उशिराचें उत्तर

परीक्षेची अखेरची घंटा झाल्यावर एखाद्या विद्यार्थ्यानें अचूक उत्तर पुढें केलें, तरी आम्ही तें कधींच स्वीकारलें नाहीं. विमानाच्या नियंत्रणासाठीं किंवा मोटारीच्या ब्रेकसाठीं यंत्रांतच बसविलेल्या संगणकासही हाच कठोर नियम लागू आहे. नेमलेल्या क्षणाच्या आंत न आलेलें उत्तर बरोबर असूनही व्यर्थ होय.

म्हणून अशा संगणकास एका कामास सरासरी किती वेळ लागतो, एवढें जाणून भागत नाहीं. अत्यंत प्रतिकूल स्थितींत जास्तींत जास्त किती लागेल, हें अगोदर काढावें लागतें. गृहिणीही सणाच्या पंगतीचा अंदाज रोजच्या पानांवरून बांधीत नाहीं. हजार वेळां मोजून पाहिलें, तरी सर्वांत वाईट प्रसंग त्या हजारांत आलाच असेल, अशी हमी कोण देणार? यास्तव तज्ज्ञ आज्ञावलींतील सर्व वाटा तपासतात, प्रत्येक आवर्तन अधिकांत अधिक किती वेळां घडेल हें ठरवितात आणि सर्वांत लांब वाटेचा हिशेब धरतात. अंदाज प्रत्यक्षाहून अधिक निघाला तर चालतो. कमी निघतां कामा नये.

परंतु हिशेबांत न धरलेला खर्च उद्भवला तर? २० जुलै १९६९ रोजीं अपोलो ११ चें यान चंद्रावर उतरत असतां त्याचा संगणक '१२०२' ही धोक्याची सूचना देऊं लागला. उतरण्याचें मुख्य गणित दर दोन सेकंदांनीं पुरें व्हावयाचें होतें. पण त्या वेळीं अनावश्यक असलेल्या एका रडारकडून, विद्युत्-जोडणींतील दोषामुळें, निरर्थक संकेतांचा ओघ येत होता. ते मोजण्यांतच संगणकाचा सुमारें १५ टक्क्यांपर्यंत वेळ जाऊं शकत होता. राखलेली शिल्लक पुरली नाहीं. एक फेरी संपण्यापूर्वींच दुसरी सुरू होऊं लागली.

तरीही आर्मस्ट्राँग व ऑल्ड्रिन सुखरूप उतरले. याचें मोठें श्रेय मॅसॅच्युसेट्स येथील एम. आय. टी. च्या प्रयोगशाळेंतील आज्ञावलीकारांस आहे. वेळ अपुरा पडल्यास कोणतें काम टाकावें व कोणतें धरावें, हें त्यांनीं आधींच ठरवून ठेविलें होतें. त्याप्रमाणें संगणकानें पुन्हां आरंभ करून महत्त्वाचीं तेवढींच कामें हातीं घेतलीं.

वेळेचा हिशेब चोख असावाच; पण तो चुकल्यास काय सोडावें, याचाही विचार शांतपणीं करून ठेवावा, असें आम्ही आमच्या तरुण वाचकांस सुचवितों.