सीडीतले आवाज वेळीच उतरवून घ्या

राहुरी तालुक्यातील ताहाराबाद येथे कुलकर्णीपणाचे दप्तर चालविणाऱ्या घराण्यात जन्मलेल्या महिपतींनी (१७१५–१७९०) नाभाजी आणि उद्धवचिद्घन या आधीच्या संतचरित्रकारांचा आधार घेऊन, मुलखात विखुरलेल्या संतकथा चिकाटीने एकत्र केल्या आणि १७६२ साली ‘भक्तविजय’ सिद्ध केला, म्हणूनच त्या कथा आज आपल्या हाती आहेत. अशा संग्राहकाचा वारसा सांगणाऱ्या या तालुक्यात, गेल्या पंचवीस वर्षांत सप्ताहांतून झालेली कीर्तने, गावोगावची भारुडे, आजीच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या ज्या सीडींवर मुद्रित करून ठेवल्या गेल्या, त्या कपाटाच्या तळाशी धूळ खात पडाव्यात आणि त्यांच्या जतनाची कोणतीही तजवीज होऊ नये, ही गोष्ट मला खेदाची वाटते.

सीडी अक्षय आहे, असा समज १९८२ मध्ये ती जपानच्या बाजारात प्रथम आली तेव्हापासून दृढ झाला. कारखान्यात ठशाने छापलेली सीडी बरीच वर्षे टिकते, हे खरे; परंतु स्टुडिओवाल्याने आपल्या संगणकावर ‘राइट’ करून दिलेल्या सीडीत आवाजाच्या खुणा एका सेंद्रिय रंगद्रव्याच्या थरात उमटलेल्या असतात, आणि प्रकाश, उष्णता व दमट हवा यांच्या योगाने तो थर हळूहळू बिघडतो. पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर आपल्याकडचा वैशाख सोसलेल्या सीडीची अवस्था काय होत असेल, हे वेगळे सांगावयास नको. शिवाय चकाकती बाजू आपण जपतो आणि नावाची बाजू निष्काळजीपणे हाताळतो. वस्तुतः परावर्तक थर नावाच्या बाजूलाच, लाखेच्या पातळ लेपाखाली असतो, आणि तेथे टोकदार पेनाने कीर्तनकाराचे नाव लिहिताना पडलेला ओरखडा कशानेही भरून निघत नाही.

यावर उपाय म्हणून पुष्कळ जण सीडी संगणकात घालतात, पडद्यावर दिसणाऱ्या ‘ट्रॅक ०१’, ‘ट्रॅक ०२’ अशा नावांच्या फाइली उचलून दुसरीकडे नकलून ठेवतात आणि निश्चिंत होतात. त्या प्रत्येक फाइलीचा आकार अवघा ४४ बाइट असतो. तीत आवाज नसून गाणे सीडीवर कोठे सुरू होते एवढाच निर्देश असतो. मूळ सीडी टाकून दिल्यावर ही नक्कल मुकी निघते, आणि तोवर इलाज उरलेला नसतो. (सीडीवर एमपीथ्री फाइली असतील तर मात्र नुसती नक्कल पुरते.) ऑडिओ सीडीवर फाइली अशा नसतातच, दर सेकंदास ४४,१०० या गतीने घेतलेले ध्वनीचे नमुने एका अखंड सर्पिल रेषेत मांडलेले असतात, आणि ते वाचून त्यांची फाइल बनविणे हे स्वतंत्र काम आहे. संगणकावरच्या ज्या प्लेअर प्रोग्रॅममध्ये त्याची सोय मुळातच नसते, तेथे ते प्लग-इन या वरून जोडावयाच्या पूरक प्रोग्रॅमकडून करवून घ्यावे लागते.

प्लग-इन बसविणे कठीण नाही. ते मूळ निर्मात्याच्या संकेतस्थळावरूनच घ्यावे, आपला प्लेअर ३२ बिटचा आहे की ६४ बिटचा हे पाहून त्याच जातीचे निवडावे, निर्मात्याने सांगितल्या ठिकाणी ठेवून प्लेअर बंद करून पुन्हा उघडावा. परंतु खरी दक्षता यापुढे हवी. संगणकीय माहितीच्या सीडीवर चूक दुरुस्तीची जी जादा व्यवस्था असते ती ऑडिओ सीडीवर नसते. जेथे खूण वाचता येत नाही तेथे यंत्र शेजारच्या नमुन्यांवरून मधला नमुना अनुमानाने भरते आणि कोणास काही कळू देत नाही. ऐकण्यापुरते हे ठीक आहे, जतनासाठी ते अपायकारक आहे. म्हणून तोच भाग पुनःपुन्हा वाचून ताडून पाहणारी ‘सिक्युअर’ पद्धत निवडावी. १९९८ पासून उपलब्ध असलेला ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ हा स्वतंत्र प्रोग्रॅम याच तत्त्वावर चालतो. आवाज एमपीथ्रीत न आवळता फ्लॅक या प्रकारच्या फाइलीत ठेवावा, कारण त्यात ध्वनीचा कणही गळत नाही आणि जागा जवळजवळ निम्मी वाचते.

हे काम प्रत्येक घरी होणार नाही, हे उघड आहे. नव्या लॅपटॉपना सीडी ड्राइव्हच नसतो. सबब ते अनुदानित सार्वजनिक वाचनालयांनी अंगावर घ्यावे, आणि राहुरीस १९६८ पासूनचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ असताना तेथील ग्रंथालयाने त्यांना मार्गदर्शन करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. येथे कायद्याची एक अडचण आहे. प्रताधिकार कायद्याच्या ५२ व्या कलमात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने वाचनालयांस जतनासाठी अंकीय साठवण करण्याची मुभा दिली, पण ती वाचनालयाकडे त्या कृतीची अंकीय नसलेली प्रत असेल तरच. जुनी तबकडी वा ध्वनिफीत त्यात बसते. सीडी मुळातच अंकीय, म्हणून ती बाहेर राहते, आणि सर्वांत आधी नाश पावणारे साधनच संरक्षणावाचून उरते. संसदेने ही त्रुटी दूर केली पाहिजे. मात्र घरगुती आणि गावातल्या मुद्रणांना तोवर थांबण्याचे कारण नाही. तेथे गाणाऱ्यांची, कीर्तनकारांची अथवा त्यांच्या वारसांची लेखी संमती मिळाली की काम सुरू करता येते.

वाचकांना माझी विनंती एवढीच की, येत्या दिवाळीच्या साफसफाईत हाताने नाव लिहिलेली एकही सीडी भंगारात घालू नये; आवाज कोणाचा, गाव कोणते, साल कोणते, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून कागदावर लिहावे, आणि तो कागद सीडीसह जवळच्या वाचनालयात नेऊन तेथील ग्रंथपालांकडे या कामाची मागणी करावी.